ब्लँकेट देणं सोपं, शेजार देणं अवघड

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



थंडी पडायला लागली की आपल्या बहुतेक गावांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोच. रविवारी पहाटे ब्लँकेट वाटप, स्टेशन, बस स्टँड आणि देवळाबाहेर, सेवा द्यायची असेल त्यांनी नाव कळवावं. इंदूर असो, ग्वाल्हेर असो की बडोदा, मंडळी उत्साहानं नावं देतात. सेवा चांगलीच आहे. पौषातल्या रात्री एक ब्लँकेट माणसाचा जीव वाचवू शकतं. ती बंद करावी असं कुणीच म्हणणार नाही.

पण या निमित्तानं एका प्रश्नाचा विचार सगळ्यांनी मिळून करावा, म्हणून हा लेख. मागच्या वर्षी ज्या आजोबांना ब्लँकेट दिलं ते यंदाही त्याच कठड्याला टेकून बसलेले दिसतात. ब्लँकेट पावसात भिजून केव्हाच गेलं. आजोबा तिथंच आहेत. आपण वर्षानुवर्षं वाटतोय, घेणारे कमी का होत नाहीत?

*दहा गोष्टींतली पाचवी*

येत्या 20 डिसेंबरला संत गाडगेबाबांची पुण्यतिथी. 1956 साली त्यांनी देह ठेवला. बाबांचा दहा गोष्टींचा संदेश आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या नाहीतर एस.टी. स्टँडच्या भिंतीवर वाचलेला आहे. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरिबाच्या मुलांना शिक्षण, आणि पाचवी गोष्ट, बेघराला आसरा.

आता आपल्या सेवेकडे बघा. अन्नदान आपण करतो. उन्हाळ्यात पाणपोई घालतो. कपडे, ब्लँकेटं देतो. जूनमध्ये वह्या-दप्तरं वाटतो. चार पायऱ्या आपण छान चढतो. पाचवीला मात्र पाय अडखळतो. बेघराला आसरा देण्याचा उपक्रम आपल्या किती केंद्रांत होतो? आठवून बघा.

यावर पटकन उत्तर येतं, "अहो, घर देणं म्हणजे लाखांचा खर्च, आपल्याला कसं झेपणार?" खर्च आहेच. पण त्याच्या आड आणखी एक कारण आहे, ते आपण फारसं बोलून दाखवत नाही. ज्याला अन्न दिलं तो जेवून आपल्या वाटेनं निघून जातो. ज्याला घर मिळतं तो तिथंच राहतो. त्याची मुलं आपल्या मुलांच्या बागेत खेळायला येतात, त्याचे कपडे आपल्या खिडकीसमोर वाळतात. तो आपला शेजारी होतो. अन्नदान दहा मिनिटांचं असतं, शेजार जन्मभराचा असतो. आणि तिथंच आपण थबकतो.

म्हणून मूळ प्रश्न असा आहे. गरिबाला दान देणं हा धर्म, हे आपण मानतो. त्याला शेजारी म्हणून स्वीकारणं, हाही धर्म आहे की नाही?

*शहर स्वच्छ झालं, माणसं कुठं गेली?*

हा प्रश्न पुस्तकी नाही. आमच्या इंदूरनं तो पाहिला आहे. 29 जानेवारी 2021. देशातलं सर्वात स्वच्छ शहर म्हणून इंदूरचं नाव ओळीनं चार वर्षं गाजलं होतं. त्या दिवशी महापालिकेच्या ट्रकमध्ये फुटपाथवरच्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या गाठोड्यांसकट बसवण्यात आलं आणि देवासच्या रस्त्यावर क्षिप्रा गावापाशी उतरवण्यात आलं. काहींना धड उभंही राहवत नव्हतं. दिवस थंडीचे होते.

गावकऱ्यांनी ते पाहिलं आणि हटकलं. मोबाईलवर चित्रण केलं. ते सगळीकडे पसरलं. मग त्या माणसांना परत ट्रकमध्ये चढवून शहरात आणलं गेलं. राज्य सरकारनं एका अधिकाऱ्याला निलंबित केलं. जिल्हाधिकारी खजराना गणपतीपुढे जाऊन क्षमा मागून आले.

क्षमा मागितली हे बरंच झालं. पण जरा थांबून विचार करू. त्या कर्मचाऱ्यांना हे सुचलं कसं? कारण ही माणसं "दिसू नयेत" अशी इच्छा शहराच्या मनात होती. आपणही "इथं किती घाण करून ठेवतात" असं येता-जाता बोलतो, तेव्हा त्या इच्छेत आपलाही वाटा असतो. क्षिप्राच्या गावकऱ्यांनी कुठलं मोठं व्याख्यान दिलं नाही. माणसं कचऱ्यासारखी टाकू नका, एवढंच त्यांना कळलं. तेवढं कळणं पुरेसं होतं.

*आकडे काय सांगतात*

28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री जनगणनेच्या लोकांनी देशभर बेघरांची मोजणी केली. उड्डाणपुलाखाली, मोठ्या पाइपांत, जिन्याखाली, देवळाच्या ओट्यावर, प्लॅटफॉर्मवर झोपणारी माणसं मोजली. ती भरली सुमारे 17 लाख 70 हजार. त्यांतली 9 लाख 38 हजार शहरांत होती. ज्यांना हुडकून काढणं अवघड, त्यांची ही एका रात्रीतली मोजणी.

त्याच जनगणनेत दुसरी एक नोंद आहे. शहरी भारतात सुमारे 1 कोटी 10 लाख वास्तू रिकाम्या होत्या. त्यांत दुकानंगाळेही आले असतील, मोडकळीला आलेली घरंही असतील. तरी एका बाजूला 9 लाख माणसं आणि दुसऱ्या बाजूला कोटीभर रिकामी छपरं, हा हिशेब कुणालाही अस्वस्थ करील.

2012 साली केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटानं शहरांतल्या घरांची तूट 1 कोटी 88 लाखांच्या आसपास मांडली. त्यातली 95 टक्क्यांहून जास्त तूट कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची होती. बहुतेक कुटुंबं रस्त्यावर नव्हती. एका खोलीत सासू-सासरे, मुलगा-सून, नातवंडं अशी कोंबून राहत होती. तिथलं भाडं दोन महिने थकलं, घरात मोठं आजारपण आलं, नवरा गेला, मुलानं बाहेर काढलं, की पुढची पायरी फुटपाथ. 2020 च्या टाळेबंदीत आपण हेच पाहिलं. रोजंदारी थांबली आणि लाखो मजूर डोक्यावर बोचकं घेऊन हमरस्त्यानं गावाकडे चालत निघाले. कामाच्या शहरात हक्काचं छप्पर असतं तर निदान उन्हातान्हात लेकरं घेऊन निघावं लागलं नसतं.

म्हणजे परवडणारं घर आणि बेघरपणा हे दोन वेगळे विषय नाहीत. वरच्या पायरीवर स्वस्त घर नसलं की खालच्या पायरीवर माणूस घसरतोच.

*तीन शंका*

सत्संगात हा विषय निघाला की तीन शंका हमखास येतात. तिन्ही प्रामाणिक असतात, म्हणून त्यांचा विचार करू.

पहिली शंका. "संतांनी घर सोडलं. आपले सद्गुरूही घर-संसाराची आसक्ती सोडा म्हणतात. मग गरिबासाठी घराचा एवढा आग्रह कशाला?"

वैराग्य म्हणजे आहे ते आपखुशीनं सोडणं. ज्याच्यापाशी सोडायलाच काही नाही त्याची अवस्था वैराग्याची नव्हे, ती नाइलाजाची. संन्याशाला झाडाखाली झोप लागते, कारण तिथं झोपायचं त्यानं ठरवलेलं असतं. फुटपाथवरच्या बाईला झोप लागत नाही. तिला पोर सांभाळायचं असतं, अंधारात कोण येईल याची भीती असते, पहाटे शौचाला कुठं जायचं ही चिंता असते. चार भिंतींशिवाय तिनं नाम घ्यावं तरी कुठं बसून? गाडगेबाबांनीच ही गोष्ट जगून दाखवली. स्वतः मडकं आणि काठी घेऊन उघड्यावर राहिले, पण पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात अस्पृश्य म्हणून ज्यांना कुठंच थारा मिळत नव्हता त्या वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. वैराग्य स्वतःसाठी, आसरा दुसऱ्यासाठी. आपण पुष्कळदा हे उलट करतो.

दुसरी शंका. "ज्याचं त्याचं प्रारब्ध. त्याच्या कर्माचे भोग आपण कसे पुसणार?"

दुसऱ्याचं प्रारब्ध वाचण्याची दृष्टी आपल्याला मिळालेली नाही. आपल्याला दिसतं ते आपलं कर्तव्य. मुलगा तापानं फणफणला तर आपण त्याचं प्रारब्ध म्हणून बसत नाही, डॉक्टरकडे धावतो. हा सिद्धांत नेमका परक्या माणसापुरता का आठवावा? ज्ञानोबांची गोष्ट आपण सगळे ऐकत आलो. संन्याशाची मुलं म्हणून गावानं त्या चार भावंडांना वाळीत टाकलं. आळंदीबाहेर सिद्धबेटावर झोपडीत ते कुटुंब राहिलं, असं परंपरा सांगते. गावाला तेव्हाही वाटलंच असेल, की हे त्यांच्या बापाच्या कर्माचं फळ. आज त्या गावकऱ्यांची बाजू घ्यायला कोण तयार आहे?

तिसरी शंका. "त्यांनाच नको असतं हो. रैन बसेऱ्यात नेलं तरी परत रस्त्यावर येतात. दारू पितात, सुधारत नाहीत."

काही जण परत येतात, हे खरं. का येतात ते मात्र विचारायला हवं. बऱ्याच ठिकाणी पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, मग नवरा-बायको-पोरं एकत्र राहणार कशी? गाठोडं ठेवायला कुलपाची जागा नसते. सकाळी बाहेर पडा म्हणतात. आणि पहाटे ज्या चौकात मजुरी मिळते तो चौक तिथून लांब पडतो. रिक्षाच्या भाड्यात अर्धी मजुरी घालवण्यापेक्षा चौकातच झोपलेलं बरं, हा हिशेब त्या माणसानं केलेला असतो. तो वेडा नाही.

दारूचं म्हणाल तर फिनलंडचं उदाहरण घेण्यासारखं आहे. तिथली थंडी आपल्या कल्पनेपलीकडची. 1980 च्या दशकात त्या छोट्या देशात अठरा हजारांवर बेघर होते. 2008 पासून त्यांनी जुनी रीत बदलली. आधी सुधार, व्यसन सोड, मग घर, ही अट काढून टाकली. आधी घर द्यायचं, भाड्याचा रीतसर करार करायचा, गरज असेल तर सरकारनं भाड्याला मदत करायची आणि मग व्यसन, आजार, नोकरी यांसाठी सोबतीला माणूस द्यायचा. हेलसिंकीतल्या मोठ्या निवाऱ्यांच्या जागी छोटी छोटी घरं केली. 2023 पर्यंत बेघरांची संख्या 3,400 च्या आसपास आली. यात चमत्कार काही नाही. ज्याला रात्री नीट झोप मिळते तोच सकाळी स्वतःचा विचार करू शकतो. आपण तरी आधी आसन घालतो, मग जप करतो ना?

*इंदूरनंच दाखवलेली वाट*

लांब फिनलंडला कशाला जायचं? ज्या इंदूरमध्ये 2021 ची घटना घडली, त्याच इंदूरमध्ये 1980 च्या दशकात आरण्य नावाची वसाहत आखली गेली. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी इंदूर विकास प्राधिकरणासाठी ती आखली. सुमारे 86 हेक्टर जमीन आणि साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड. त्यातले सुमारे 65 टक्के सर्वांत गरीब कुटुंबांसाठी.

दोशींनी विचार मोठा साधा केला. गरिबाला एकदम पूर्ण घर परवडत नाही, पण तो थोडं थोडं बांधू शकतो. म्हणून लहानात लहान 35 चौरस मीटरचा तुकडा, त्यावर जोता, संडास-मोरी, पाणी आणि वीज एवढं द्यायचं. पुढं पैसे साठतील तशी खोली काढायची, वर मजला चढवायचा, पुढं ओटा करायचा, वाटलं तर दुकान थाटायचं. मोठे भूखंड सुस्थितीतल्या लोकांना विकून आलेला पैसा छोट्या भूखंडांच्या कामी आला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निरनिराळ्या उत्पन्नाची माणसं एकाच वसाहतीत राहावीत अशी आखणी केली. या कामाला 1995 साली आगा खान पुरस्कार मिळाला.

म्हणजे शेजार आखता येतो. गरीब वस्ती शहराबाहेर वीस किलोमीटरवर फेकली नाही, तर तीही शहराचा भाग होते.

कायद्यानंही थोडी वाट करून ठेवली आहे. 1985 साली मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठानं सांगितलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो आणि माणसाला हटवण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. हटवूच नका, असं मात्र न्यायालय म्हणालं नाही. 2013 साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत शहरात दर लाख लोकवस्तीमागे किमान शंभर जणांचा, वर्षभर चोवीस तास उघडा निवारा असावा आणि माणशी 50 चौरस फूट जागा असावी, असा निकष घालून दिला होता. कागदावर निकष होता. तो आपल्या गावात पाळला गेला का, हे विचारणं आपलं काम.

*आपलं बिऱ्हाड आठवा*

आपण इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याची मराठी माणसं. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे पूर्वज होळकर, शिंदे, गायकवाडांच्या काळात पाठीवर बिऱ्हाड घेऊनच इकडे आले. कुणी चाकरीला, कुणी पौरोहित्याला, कुणी नुसतंच नशीब काढायला. कुणीतरी वाड्यात एक खोली दिली, कुणी ओसरीवर जागा दिली, म्हणून घराणी रुजली. अहिल्यादेवींनी देशभर घाट-धर्मशाळा बांधल्या याचा आपल्याला केवढा अभिमान! पण धर्मशाळा वाटसरूसाठी असते, ज्याला परतायला घर आहे त्याच्यासाठी. ज्याला परतायलाच जागा नाही त्याच्यासाठी आज काय बांधायचं, हा प्रश्न आता आपला आहे.

आणि अगदी घरातलं बोलायचं तर अनेक कुटुंबांचा दुसरा फ्लॅट बंद पडून आहे. मुलगा पुण्याला नाहीतर परदेशात, "राहू दे, भाव वाढेल." भाड्यानं द्यायची वेळ आली तर आडनाव विचारतो, जात-धर्म विचारतो, एकट्या बाईला नाही म्हणतो, धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या मुलाला तर आधीच नाही म्हणतो. भाडेकरू घर बळकावेल ही भीती खोटी नाही. पण त्यावर नोंदणी केलेला करार हा उपाय आहे. ज्या मावशी आपल्या देवघरातली फरशी रोज पुसतात, त्यांचा मुलगा आपल्याच इमारतीत भाडं भरून राहायला आला तर देवघर बाटत नाही.

*या वर्षाचे संकल्प*

प्रत्येक कुटुंबानं यातला निदान एक उचलावा.

1. ब्लँकेट देताना दोन मिनिटं खाली बसावं. नाव विचारावं, कुठून आलात, काय अडचण आहे ते ऐकावं. कागदपत्रं नसतील तर आधार, रेशन कार्ड, पेन्शन यांसाठी सोबत जावं. पत्ता नसलेल्या माणसाला कार्यालयात एकट्यानं कुणी उभं करत नाही.

2. आपल्या शहरातला रैन बसेरा एकदा स्वतः जाऊन पाहावा. बायकांसाठी, कुटुंबांसाठी सोय आहे का? सामान ठेवायला कुलूप आहे का? जे कमी असेल ते चार-पाच जणांनी सही करून नगरसेवकाला लेखी द्यावं आणि पाठपुरावा करावा.

3. आपल्या कॉलनीजवळ निवारा किंवा गरिबांची वसाहत होणार असेल तर विरोधाच्या अर्जावर सही करू नये. हा संकल्प सर्वांत अवघड आहे. म्हणूनच तो साधनेचा आहे.

4. बंद घर असेल तर रीतसर करार करून, जमेल तेवढ्या माफक भाड्यानं, कष्टकरी कुटुंबाला द्यावं.

5. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारावं, "कामाच्या जागेजवळ गरिबाला भाड्यानं परवडेल असं घर तुम्ही किती देणार?" फक्त नळ आणि रस्ते विचारून थांबू नये.

सद्गुरूंच्या फोटोसमोर आपण रोज म्हणतो, की आम्हाला तुमच्या चरणाशी ठाव द्या. म्हणजे आसऱ्याची भूक काय असते ते आपल्याला ठाऊक आहे. जो स्वतः ठाव मागतो, त्यानं दुसऱ्याला ठाव नाकारू नये.

लेख घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवावा आणि येत्या गुरुवारी आरतीनंतर यावर थोडी चर्चा करावी, ही विनंती. आपल्या गावात निवाऱ्याची काय स्थिती आहे ते केंद्राच्या ग्रुपवर जरूर कळवा.

॥ श्री सद्गुरुचरणार्पणमस्तु ॥ 🙏